रात्रीची वीज टायमरवर टाका: प्रत्येक घरासाठी तातडीचं आवाहन

हा मजकूर वाचून झाला की उठा आणि तुम्ही रात्री ज्या खोलीत झोपता तिथले सगळे बोर्ड एकदा बघून घ्या. उशाशी मोबाइलचा चार्जर, पलीकडच्या सॉकेटमध्ये डासांचं मशीन, टीव्हीमागे एक्स्टेंशन आणि त्यात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर असा सगळा गुंता, खिडकीत कूलर किंवा भिंतीवर एसी. यातली किती बटणं रात्री बंद होतात? बहुतेक घरांत ‘एकही नाही’ हेच उत्तर येईल. दिवसा आपण घरात वावरत असतो. काही तापलं, वास आला, ठिणगी उडाली तर कोणीतरी धावतं. रात्री अकरा ते सकाळी सहा हे सात तास मात्र उपकरणं चालू असतात आणि माणसं गाढ झोपलेली असतात. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की या सात तासांचा भार स्वतःच्या आठवणीवर टाकू नका. ज्याची रात्रभर गरज नाही ते टायमरवर टाका. तुम्ही विसरलात किंवा दमून तशीच झोप लागली, तरी ते आपोआप बंद झालं पाहिजे.

आत्ताच सांगण्याचं कारण म्हणजे उन्हाळा तोंडावर आहे. वर्षभर माळ्यावर पडलेले कूलर खाली उतरतील, एसी रात्ररात्र चालतील. ज्या बोर्डांवर हिवाळाभर एक दिवा नि एक पंखा होता, त्यांच्यावर अचानक दुप्पट-तिप्पट भार येईल.

‘आमच्याकडे वेगळी बेडरूम नाही’ असं कोणी म्हणेल. त्यांनी तर हे अधिक मनावर घ्यावं. मुंबईच्या चाळीत, एसआरएच्या इमारतीत, पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या कॉट बेसिसच्या खोलीत जी जागा दिवसा बैठकीची असते तीच रात्री अंथरुणांची होते. फ्रीजपासून टीव्हीपर्यंत सगळं अंथरुणाच्या हातभर अंतरावर. घरात दार एकच, आणि बऱ्याचदा त्याच दाराजवळ मीटर आणि मेन स्विच.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत काय झालं ते अनेकांच्या लक्षात असेल. एका घरात रात्री इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून आणून हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. बॅटरी प्रमाणाबाहेर तापल्याचं पोलिसांनी प्राथमिक चौकशीनंतर सांगितलं होतं. त्या घरातल्या कोणी जगावेगळं काही केलं नव्हतं. आपल्यापैकी हजारो जण रोज रात्री हेच करतात: चार्जिंगला लावतात आणि झोपतात.

दुसरी घटना छत्रपती संभाजीनगरची. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा जीव गेला. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, त्यांचा मृत्यू गुदमरून झाला, असं पोलिसांनी सांगितलं. ती आग झोपण्याच्या खोलीत सुरू झाली नव्हती. तरीही तिचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण झोपलेल्या माणसाला ज्वाळेच्या आधी धूर गाठतो, हे त्या घटनेइतकं स्पष्ट दुसरं काही सांगणार नाही.

पुष्कळांची समजूत अशी असते की वास आला की जाग येईलच. येत नाही. गाढ झोपेत आवाजाने माणूस उठतो, वासाने उठेलच याचा भरवसा धरता येत नाही. वायर, गादीतला फोम, पडदे असं काही धुमसू लागलं की जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला रंगही नसतो आणि वासही नसतो. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस झोपेतून थेट बेशुद्धीत जातो. देशात आगीत जे मृत्यू होतात त्यांतले निम्म्याहून अधिक राहत्या इमारतींत होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. आणि मुंबईतल्या आगींचं सर्वांत मोठं कारण विजेतला बिघाड हेच असल्याचं तिथलं अग्निशमन दल वारंवार सांगतं.

आता त्या बोर्डाकडे जरा जवळून पाहू. टीव्हीमागच्या एक्स्टेंशनमधून थ्री-पिन हळूच ओढून काढा. पिन सैल निघाली, की घट्ट? पितळेची पिन पिवळी चकचकीत आहे, की एका बाजूने काळपट, निळसर झाली आहे? सॉकेटच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय का? बोटाने दाबून बघितलं तर ते थोडं मऊ झाल्यासारखं, फुगल्यासारखं लागतं का? नाकाजवळ नेल्यावर मासळीसारखा किंवा जळक्या बेकेलाइटचा वास येतो का? वायरमनकडे नेलेले जळके बोर्ड अशाच अवस्थेतून गेलेले असतात. हे एका रात्रीत होत नाही. महिनोन्‌महिने त्या जागी लूज कॉन्टॅक्ट असतो आणि दर रात्री तो थोडा थोडा तापत राहतो.

‘आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं की पडेल’, हे उत्तर मला सर्वांत जास्त घाबरवतं. एमसीबी पडते ती शॉर्ट सर्किट झालं तर, किंवा वायरच्या क्षमतेहून जास्त करंट वाहू लागला तर. आरसीसीबी किंवा ज्याला आपण अजून ईएलसीबीच म्हणतो ती पडते करंट गळती झाली तर, म्हणजे मुख्यतः माणसाला शॉक बसू नये म्हणून. लूज कॉन्टॅक्टमध्ये यातलं काहीच होत नाही. करंट नेहमीइतकाच असतो, गळतीही नसते. फक्त जिथे पिन आणि सॉकेटची पत्ती नीट टेकत नाही तिथे अडथळा वाढतो. दहा अँपिअरच्या भाराला त्या एका ठिपक्यावर एक ओहम अडथळा आला, तर शंभर वॅट उष्णता तिथेच साठते. जुन्या शंभरच्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना ती उष्णता किती असते हे सांगायला नको. ती बोर्डाच्या आत, प्लॅस्टिकमध्ये कोंडलेली असते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो. एमसीबी आणि आरसीसीबी घरात असायलाच हव्यात, त्याबद्दल दुमत नाही. पण या दुखण्यावर त्यांचा इलाज नाही. इथे दोनच गोष्टी कामी येतात: सैल बोर्ड बदलणं, आणि माणसं झोपलेली असताना त्यातून वाहणारा करंट शक्य तितका लवकर थांबवणं.

टायमरचं काम इथे आहे. पण कुठलं उपकरण टायमरवर कसं टाकायचं हे प्रत्येकाचं वेगळं आहे आणि काही उपकरणं टायमरवर मुळीच टाकायची नाहीत. तेव्हा घाईने दुकान गाठण्याआधी पुढचं वाचा.

एसीला बाहेरचा टायमर लावू नका. तो भार साध्या प्लगच्या टायमरला झेपत नाही, आणि गरजही नाही, कारण एसीच्या रिमोटवरच टायमर असतो. वर्षानुवर्षं एसी वापरणाऱ्या घरांतही ते बटण कोणी दाबलेलं नसतं. खोली तीन-चार तासांत गार होते, पहाटे चारनंतर बाहेरचीही हवा उतरते. त्या वेळेला एसी बंद आणि पंखा चालू एवढं पुरतं. एक खबरदारी घ्या: मध्येच लाईट गेली आणि आली तर पुष्कळ एसी आपोआप परत सुरू होतात, पण लावलेला टायमर विसरतात. तुमचा एसी काय करतो ते एकदा दिवसा मेन बंद-चालू करून बघा.

कूलरची गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी खास लिहितो. कूलरच्या टाकीतला पंप पाण्यात बुडालेला असतो तोवर पाण्यानेच गार राहतो. रात्री दोन-तीनला टाकी आटते आणि पंप कोरडाच फिरत राहतो, तापतो, जळतो. बाजूला वाळलेलं गवत किंवा वाळा असतो, हे विसरू नका. तुमच्या टाकीतलं पाणी किती तास पुरतं हे एकदा बघून ठेवा आणि त्याच्या आत पंप बंद होईल असा टायमर लावा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलरचा पंखाही बंद करा म्हणून मी सांगणार नाही, ते कोणालाही सोसणार नाही. वायरमनला सांगून पंपाची वायर वेगळी काढून घ्या, पंखा चालू राहू द्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: टायमरने कूलर बंद झाला म्हणजे त्यात वीज नाही असं समजून हात घालू नका. साधे टायमर दोनपैकी एकच तार तोडतात. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले, आणि असे बोर्ड आपल्याकडे पुष्कळ आहेत, तर कूलर बंद दिसूनही आत फेज जिवंत असतो. पाणी भरायचं ते प्लग काढूनच. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात.

मोबाइल दीड-दोन तासांत पुरेसा चार्ज होतो. चांगल्या फोनमध्ये बॅटरी भरल्यावर चार्जिंग थांबवायची सोय असते, हे खरं आहे. पण स्वस्तातल्या चार्जरमध्ये, तुटक्या वायरमध्ये आणि फुगलेल्या बॅटरीत ती सोय वाचवेलच असं नाही. त्यात फोन उशीखाली किंवा रजईत असला तर उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. चार्जरचं सॉकेट दोन तासांच्या टायमरवर टाका आणि फोन अंथरुणापासून दूर, टेबलावर किंवा फरशीवर ठेवा. गजर हवा म्हणून फोन उशाशी लागतो म्हणणाऱ्यांनी कृपा करून गजराचं एक घड्याळ आणावं. चार्जर घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि त्यासोबत नोंदणीचा क्रमांक आहे का ते पाहा. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या चार्जरवर तो बहुधा नसतो.

डासांच्या मशीनबाबत मी सरसकट सल्ला देणार नाही. त्याचा हीटर काही वॅटचाच असतो, धोका त्याच्यापेक्षा पडद्याजवळच्या सैल सॉकेटचा अधिक. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मलेरियाचा रात्री. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात मच्छरदाणी नसताना मशीन मध्यरात्री बंद करणं चुकीचं ठरेल. ज्यांच्याकडे मच्छरदाणी आहे त्यांनी मशीन संध्याकाळी दोन-तीन तास चालवून टायमरने बंद करावं आणि मच्छरदाणीत झोपावं. लहान बाळ असलेल्या घरात तर हे नक्कीच करावं, बंद खोलीत रात्रभर ती वाफ बाळाच्या नाकात जायला नको.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर यांच्या एक्स्टेंशनला एकच टायमर पुरतो. टीव्ही चालू ठेवून झोपायची सवय अनेक वडीलधाऱ्यांना असते. त्यांना आवाजाची सोबत लागते, ती तोडू नका. टीव्हीच्या मेनूमध्ये स्लीप टायमर असतो, तो एका तासावर लावून द्या. पडद्याचा उजेड गेल्यावर त्यांची झोपही जास्त शांत होईल.

थंडीत नाशिक, पुण्याकडे रूम हीटर निघतात. दोन हजार वॅटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर घेतो. तो सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशनवर कधीच लावू नका. त्याला लावायचा टायमर सोळा अँपिअरचाच हवा आणि फक्त बंद करण्यासाठी हवा. पहाटे आपोआप सुरू होईल असा हीटर लावून झोपणं जिवाशी खेळ आहे, मधल्या वेळात त्याच्यावर पांघरूण किंवा ओढणी पडली तर बघायला कोणी जागं नसतं.

स्कूटरच्या बॅटरीबद्दल मात्र टायमरवर विसंबून राहू नका. मोबाइलच्या मानाने तिच्यात ऊर्जा फार मोठी असते आणि आतला सेल बिघडलेला असेल तर टायमरने चार्जिंग थांबवल्यावरही ती पेटू शकते. ती बॅटरी झोपण्याच्या खोलीत आणायचीच नाही. बाहेर जाण्याच्या वाटेवर, दाराशीही ठेवायची नाही, कारण पेटली तर तीच वाट बंद होते. कंपनीच्याच चार्जरने, मोकळ्या हवेच्या जागी आणि दिवसा, कोणीतरी जागं असताना चार्ज करा. गाडी उन्हातून आली असेल तर आधी बॅटरी निवू द्या.

आणि आता जे कधीच टायमरवर टाकायचं नाही ते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, झोपेत श्वासासाठी लावायचं सीपॅप किंवा बायपॅप मशीन, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हवेची गादी, फ्रीज. यांच्या सॉकेटजवळ टायमर ठेवूच नका. घाईत कोणीतरी चुकीच्या ठिकाणी लावेल. अशा उपकरणांच्या बोर्डावर ‘बंद करू नका’ अशी चिठ्ठी डकवा.

बाजारात प्लगमध्ये खोचायचा जो साधा टायमर मिळतो त्याच्या तोंडावर चोवीस तासांची गोल चकती असते आणि तिच्या कडेला ९६ बारीक दाते. एक दाता म्हणजे पंधरा मिनिटं. बहुतेक टायमरमध्ये खाली दाबलेल्या दात्यांच्या वेळात वीज चालू, वर असलेल्यांच्या वेळात बंद. चकती फिरवून बाणासमोर आत्ताची वेळ आणायची की झालं. हजार रुपयांच्या आत तो मिळतो. त्याचा एक दोष ठाऊक हवा: लाईट गेली की चकतीही थांबते. दोन तास लाईट गेली तर तुमचा टायमर दोन तास मागे पडला. जिथे भारनियमन आहे तिथे चावी फिरवून लावायचा, ठरावीक वेळाने सुटणारा टायमर बरा, तो विजेविना चालतो. मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लग घेतलात तर तो बंद असताना मेन स्विच एकदा घालवून परत लावा आणि लाईट आल्यावर तो बंदच राहतो की आपोआप चालू होतो हे पाहा. चालू होत असेल तर दुकानदाराला परत करा. टायमर कुठलाही असो, त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, आणि सैल सॉकेटमध्ये तो खोचू नका. सैल सॉकेटमध्ये टायमर लावणं म्हणजे आधीच्या लूज कॉन्टॅक्टवर आणखी एक जोड चढवणं.

बिलाचं काय, हा प्रश्न येणारच. खरं सांगायचं तर मोबाइल किंवा सेट-टॉप बॉक्स रात्री बंद करून वाचणारी वीज थोडीच आहे. दहा वॅटचं उपकरण रोज आठ तास बंद ठेवलं तर महिन्याला अडीच युनिटही वाचत नाहीत. एसीचं मात्र तसं नाही. दीड टनाचा एसी तासाला साधारण पाऊण युनिट धरला आणि तो सकाळी सातऐवजी पहाटे चारला बंद केला, तर महिन्याला साठ-सत्तर युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर चढतो, तेव्हा त्या साठ-सत्तर युनिटांनी स्लॅबच बदलू शकतो. तरीही माझी विनंती पैशासाठी नाही. बिल कमी झालं तर चांगलंच आहे, नाही झालं तरी टायमर लावा.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या सर्वसाधारण सभेची वाट पाहू नका. या रविवारी परवानाधारक वायरमन बोलवा आणि ज्यांना हवं त्यांच्या झोपण्याच्या खोलीतले बोर्ड एकत्र तपासून घ्या. एकेकट्याने बोलावण्यापेक्षा स्वस्त पडेल. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी आधी जा. त्यांना टायमरची चकती लावून द्या आणि कशी चालते ते दोनदा दाखवा. वसतिगृहांच्या रेक्टरांनी आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी एका सॉकेटवर चार-चार चार्जर लटकत असतील तर मुलांना रागावण्याआधी सॉकेट वाढवून द्यावेत. इलेक्ट्रिकच्या दुकानदारांनी स्वस्त, बिनचिन्हाची एक्स्टेंशन विकणं थांबवावं आणि आयएसआयचा माल पुढे मांडावा. वीज कंपन्यांनी उन्हाळ्याच्या बिलांच्या मागे कोरी राहणारी जागा याच कामासाठी वापरावी.

टायमर आणायला दोन दिवस लागणार असतील तर आज रात्रीपुरतं एवढं करा. टीव्हीमागच्या एक्स्टेंशनचं बटण बंद करा. फोन झोपण्याआधीच चार्ज करून चार्जर सॉकेटमधून काढा. स्कूटरची बॅटरी खोलीबाहेर न्या. एसीच्या रिमोटवरचा टायमर लावा. दारासमोर चपलांचं कपाट, सायकल, सामान असेल तर वाट मोकळी करा आणि घराची किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना सांगून ठेवा. बोर्डातून धूर निघताना दिसला तर आधी मेन स्विच पाडा, त्यावर पाणी टाकू नका, माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. सॉकेट नुसतं गरम लागत असेल, तर सकाळी पहिलं काम वायरमनला बोलावण्याचं, आणि तो येईपर्यंत त्या सॉकेटला काही लावायचं नाही.